कॉम्प्युटरला कूलंट

कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले तेव्हा मला कळलं, की माझ्याकडे मराठी आहे, पण कामाची मराठी नाही. साताऱ्यात माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. भाजी, भांडण, देवधर्म, नातेवाईक हे सगळं डोक्यात मराठीत राहायचं. वीज, दाब, उष्णता इंग्रजीत. दोन्हींची कधी गाठ पडली नव्हती. वर्कशॉपमध्ये ती रोज पडायला लागली, आणि मी बहुतेक वेळ गप्प बसायला लागले. ते मला तसंही जमतं.

आमच्याकडे पंपाचे पॅटर्न बनतात. पंपाचं बिडाचं अंग ओतायचं, तर आधी तसंच एक लाकडाचं किंवा ॲल्युमिनियमचं रूप लागतं. ते वाळूत दाबून साचा करतात. हे रूप आता मोठ्या मशीनवर कापलं जातं, आणि कटरनं कुठून शिरायचं, कुठं वळायचं, किती खोल जायचं, हा रस्ता आधी कॉम्प्युटरवर काढावा लागतो. तो काढायला मी. माझ्याआधी हे काम पुण्याच्या एका माणसाकडे जायचं. तो त्याच्या सवडीनं फाइल पाठवायचा, आणि इथं मशीन वाट बघत उभं राहायचं. आमचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्याला वैतागले होते. म्हणून त्यांनी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि त्याच्यापुढे बसायला मला घेतलं.

"हंगामाचे पंप कर," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "जमलं तर काम हितंच. न्हाई तर पुण्याचं पुण्याला."

हंगाम उसाचा. फलटणकडच्या कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत पंप तयार हवे असतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या पंपाचं ड्रॉइंग माझ्या टेबलावर होतं. घरूनही मला तेवढीच मुदत होती. पप्पा फौजेतून निवृत्त झालेत. ते मुदत दिल्याशिवाय काही देत नाहीत. "दिवाळीपर्यंत बघ. नंतर साताऱ्यातच काहीतरी करू," असं ते म्हणाले होते. त्या 'काहीतरी'मध्ये नोकरी होती की स्थळ, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

कॉम्प्युटर सांगलीतल्या दुकानातून आला. प्रोसेसर मी म्हटला तोच मिळाला, बाजारात नुकताच आलेला. बोर्ड, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग ज्यावर बसतात ती पाटी, दुकानदारानं सुचवला. "बोर्डाचं काय एवढं, सगळे सारखेच. ताकद प्रोसेसरची," तो म्हणाला, आणि दादांनी मान डोलावली, कारण हे त्यांच्या पंपांच्या मोटारींच्या हिशोबात बसत होतं.

लहान कामं झटपट झाली. मोठा पंप घेतला, तेव्हा गडबड सुरू झाली. कटरच्या रस्त्याचं गणित सुरू केलं की पडद्यावरचे टक्के आधी भराभर चढायचे. मग मध्येच चढण लागल्यासारखे व्हायचे. एकेका टक्क्याला इतका वेळ, की मी पडद्याकडे बघायचं सोडून खिडकीबाहेरच्या दुचाक्यांच्या रांगेकडे बघत बसायचे.

मशीन चालवतात ते मामा. दादांपेक्षा लहान आहेत, तरी दादाही त्यांना मामाच म्हणतात. फाइल कुठवर आली हे बघायला ते दर थोड्या वेळानं माझ्या काचेच्या केबिनच्या दारात यायचे.

"मॅडम, ह्यो सरकारी नोकर हाय का वो? च्या झाला की बसतोय."

"तापतोय बहुतेक," मी म्हटलं.

दादांनी येऊन कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान नव्वदच्या वर दिसत होतं. तो आकडा त्यांना पटला. आकडा दिसला की माणसाला बरं वाटतं, मग तो वाईट का असेना.

"कूलंट मारा की दादा त्येला," मामा म्हणाले, आणि बाहेरचे दोघंतिघं हसले.

दादा हसले नाहीत. ते विचार करत होते.

आमच्या मशीनमध्ये कटर धातूत शिरला की त्याच्यावर दुधासारखं पांढरं पाणी सतत पडत असतं. ते कूलंट. ते थांबलं तर कटर निळा पडतो, जळका वास येतो आणि मामांच्या तोंडून मी न ऐकलेलं बरं असं काहीतरी निघतं. त्या वर्कशॉपमध्ये उष्णतेवर एकच उपाय होता, पाणी. मे महिन्यात दादा स्वतःच्या डोक्यावरसुद्धा ओला नॅपकिन ठेवून फिरायचे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते सांगलीहून दुकानदाराला आणि एक मोठं खोकं घेऊन आले, तेव्हा मला आश्चर्य वाटायला नको होतं. पण वाटलं.

तो पाण्याचा कूलर होता. प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायची एक गोल डबी, तिच्यातून निघालेल्या दोन नळ्या, आणि डब्याच्या छताला लावायची पंखेवाली जाळी. पाणी डबीतून उष्णता उचलणार, नळीतून जाळीत जाणार, गार होऊन परत येणार. दुकानदारानं डबी हातात धरून दाखवली तेव्हा दादांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, ह्यात पंप हाय!"

"हो."

"एवढुसा पंप! मामा, हिकडं या. बघा तर, पंप हाय ह्यात."

मामा आले, बाहेरचे आले. दादांनी डबी कानाशी नेली, जणू ती तिथल्या तिथे काही बोलणार होती. सगळं आयुष्य पंपांत गेलेल्या माणसाला परक्या घरात आपला भाऊबंद भेटावा, तसं झालं होतं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. दुकानदारानं प्रोसेसरवरचा जुना पंखा काढून खोक्यात टाकला आणि नवा कूलर बसवला. आत रंगीत दिवे फिरायला लागले.

"गणपती गेलं, डेकोरेशन मागं र्‍हायलं व्हय," मामा म्हणाले.

तापमान पन्नाशीत आलं. दादांनी सगळ्यांना आकडा दाखवला. मग मी मोठ्या पंपाचं गणित परत सुरू केलं.

या वेळी टक्के आधीपेक्षाही लवकर मंदावले. तापमान पंचावन्न. मी वाट बघितली. टक्के पुढे सरकेनात. तापमान पंचावन्नच. मग पडदा काळा झाला आणि दिवेही विझले. ताप नाही आणि पेशंट बेशुद्ध, असा प्रकार. मी परत सुरू केला, परत तेच. त्यात गंमत म्हणजे, आकडा बघितला तर आता प्रोसेसर आमच्या वर्कशॉपमधल्या कुठल्याही चालू मोटारीपेक्षा गार असावा.

कारणं सगळ्यांनी सुचवली. लाइटचा दाब कमी. सॉफ्टवेअर खराब. व्हायरस. मामांनी लिंबू-मिरची सुचवली. ती चेष्टा होती की नाही, मला ठरवता आलं नाही. मी केबल काढून लावल्या, सॉफ्टवेअर पुसून परत घातलं, प्लग दुसऱ्या भिंतीला नेला. प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता कळलं, आणि प्रत्येक वेळी पडदा काळा व्हायचा. दादा रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "आता काय?"

"बघते."

"काय बघतेस?"

तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती, आणि मी काय बघते आहे हे मलाही सांगता येत नव्हतं.

शनिवारी त्यांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. बाहेर जाऊन लावता आला असता. माझ्यासमोर लावणं हा मान होता की निरोप, ते मला समजलं नाही. "सोमवारी दुपारी ये," ते फोनवर म्हणाले. "ड्रॉइंग घेऊन जा. हां. सगळीच."

त्या संध्याकाळी मी बसनं साताऱ्याला गेले. पप्पा स्टँडवर स्कूटर घेऊन उभे होते.

"रिपोर्ट दे," ते म्हणाले.

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

"चालू होतं. मग बंद पडतं."

"मशीन की मालक?"

मला हसू आलं, आणि मी मागच्या सीटवर बसले. घरी गेल्यावर दिसलं, की आईनं कपाटातला माझा खण रिकामा करून त्यात नवा कागद अंथरलाय. मी कायमची परत येईन की काय, याबद्दल तिला मी काहीच कळवलं नव्हतं. बायकांना कशावरून काय कळतं, हे मला आजही उमगत नाही, मी स्वतः बाई असूनही. ती म्हणाली, "वास येत होता म्हणून साफ केला." मी बरं म्हटलं.

रविवारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी मागच्या पायरीवर बसून फोनवर वाचत राहिले. लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरची रडगाणी इंग्रजीत लिहून ठेवलेली असतात. त्यातली बरीच आमच्यासारखी होती. वाचता वाचता एवढं कळलं: भिंतीतून आलेली वीज कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये उतरून बारा व्होल्टची होते, पण प्रोसेसरला हवी असते साधारण एकाच व्होल्टची, आणि तीही प्रचंड प्रवाहानं. हे उतरवण्याचं काम प्रोसेसर करत नाही. त्याच्या शेजारी बोर्डावर लहान लहान चौकोनी तुकड्यांची रांग असते, ती करते. नवे प्रोसेसर पूर्ण जोरात चालले की इतकी वीज ओढतात, की ती रांगच तापते. महाग बोर्डावर तिच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असतात. ती फार तापली की बोर्ड प्रोसेसरला आवरतं घ्यायला लावतो. प्रोसेसर स्वतः गार असला तरी. तरीही नाही भागलं तर सगळंच बंद.

हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण आमच्या बोर्डावर काय आहे हे मला आठवेना. पट्ट्या होत्या? एका बाजूला काहीतरी होतं. दुसऱ्या बाजूला? मी रोज त्याच्यासमोर बसत होते आणि आत बघितलं होतं ते फक्त दिवे. शिवाय मूळचा पंखा असतानाही तो मंद व्हायचा, पण बंद पडला नव्हता. पाणी घातल्यावर बंद पडायला लागला. थंड केलेली वस्तू जास्त का तापावी, हे काही केल्या जुळत नव्हतं.

सोमवारी पहाटेच्या बसनं परत आले. दादा बाहेरगावी ओतशाळेत गेले होते, जेवायच्या सुमाराला येणार होते. पुण्याचा माणूस त्यानंतर. मी ड्रॉइंगची गुंडाळी त्याला द्यायला बांधून ठेवली. मग जेवणाची सुट्टी झाली, मशीन थांबलं, सगळे झाडाखाली डबे घेऊन गेले, आणि मी कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण उघडून मोठ्या पंपाचं गणित सुरू केलं.

टक्के चढायला लागले. मी पाण्याच्या डबीला बोट लावलं. गार. नळी कोमट. मग डबीच्या डावीकडे, जिथं चौकोनी तुकड्यांची रांग होती तिथं, बोटाची मागची बाजू टेकवली आणि लगेच ओढून घेतली. त्या रांगेवर काहीच नव्हतं, पट्टी नाही, वारा नाही. वरच्या बाजूला तेवढी एक छोटी पट्टी होती. खाली कोपऱ्यात चिपसेट म्हणून एक चिप असते, ती प्रोसेसर आणि बाकीच्या भागांमध्ये निरोप्याचं काम करते. तिच्या डोक्यावरची चपटी पट्टीसुद्धा बोट ठेवू देत नव्हती.

जुना पंखा मला आठवला. तो प्रोसेसरवर वरून खाली वारा फेकायचा, आणि तो वारा बोर्डावर आदळून चारी बाजूंना पसरायचा. कुणी सांगितलं नसताना तो शेजाऱ्यांनाही वारा घालत होता. आम्ही तो काढून टाकला होता.

"काय मॅडम, ताप बघताय होय?" मामा दारात उभे होते, हाताला अजून चटणी लागलेली.

मी म्हटलं, "इथं बोट लावून बघा. लगेच काढा."

त्यांनी हात पँटला पुसला, बोट लावलं. "आयला!" मग डबीला लावलं. "आणि हे थंडगार? आवं, मग ह्ये पाणी करतंय काय?"

"पाणी त्याचं काम करतंय. पण ते फक्त प्रोसेसरवर."

"मग दादांना सांगनार कोन? त्यांनी हौसंनं आनलंय." मामांच्या चेहऱ्यावर एकदम सुट्टी संपल्याचा भाव आला. "मी न्हाई बा. मला मशीन चालवायचंय हितं."

दादांची गाडी आत येताना दिसली. माझ्या मनात काय बोलायचं ते इंग्रजीत पूर्ण तयार होतं, व्यवस्थित, परिच्छेदांसह. त्याचा काही उपयोग नव्हता. दादा केबिनमध्ये आले, उघडा डबा बघितला, माझ्याकडे बघितलं.

"दादा," मी म्हटलं, "नोझल भलतीकडे आहे."

ते थांबले. मशीनमध्ये कूलंटची टाकी भरलेली असते, पंप जोरात असतो, पण नोझलचं तोंड जरा फिरलं की पाणी भलतीकडे पडतं आणि कटर कोरडाच जळतो. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. मामा दिवसातून कितीदा तरी ते तोंड हातानं वळवायचे.

"कुठलं नोझल?"

"पाणी प्रोसेसरवर पडतंय. जळतंय ते शेजारी. हे बघा, इथं वीज उतरते. जुन्या पंख्याचा वारा इथपर्यंत यायचा. आता येत नाही."

त्यांनी बोट लावलं. त्यांचं बोट माझ्यापेक्षा बरंच जास्त वेळ तिथं राहिलं, ओतशाळेची सवय. मग ते डबीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील की पुण्याचा येतोच आहे, राहू दे. किंवा म्हणतील की कूलर चुकीचा घेतला असं म्हणतेस का.

"म्हंजे पंपाची चूक न्हाई," ते म्हणाले.

"नाही. पंप चांगला आहे."

"मग त्येला काढायचा न्हाई," ते जरा घाईनंच म्हणाले. "वारा दिऊ की वेगळा. मामा! पॅनेलचा पंखा हाय का स्टोअरला?"

मशीनच्या इलेक्ट्रिक पॅनेलसाठी एक चौकोनी लोखंडी पंखा जादा ठेवलेला होता, भिंतीच्या विजेवर चालणारा. मामांनी पॅटर्नच्या लाकडाचा एक तुकडा तिरका कापून आणला, त्यावर पंखा टेकवला आणि मशीनचं नोझल वळवतात तसा थोडा थोडा फिरवत त्याचं तोंड त्या रांगेकडे आणि चिपसेटच्या कोपऱ्याकडे केलं. झाकण काढलेला डबा, रंगीत दिवे, शेजारी सागवानी पाचरीवर गुरगुरणारा पंखा. फार वाईट दिसत होतं.

मी मोठ्या पंपाचं गणित परत लावलं. टक्के चढले. चहा आला. चहा झाला. टक्के चढत राहिले. मामा घड्याळाकडे न बघता कपाकडे बघत होते, "आता बसंल, आता बसंल," करत. बसला नाही. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटायला लागली, कारण आता का चालतोय याचीही मला पूर्ण खात्री नव्हती. झाकण उघडलं म्हणून? पंख्यामुळे? की आज हवाच जरा बरी होती?

अर्ध्याहून बरंच पुढे गेलेलं असताना पुण्याचा माणूस आला. पाठीला लॅपटॉपची बॅग, नीट इस्त्रीचा शर्ट. दादांना नमस्कार करून तो केबिनमध्ये आला आणि पाचरीकडे बघून थबकला.

"हे काय केलंय?"

"नोझल," मामा म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. खुर्ची ओढून तोही बसला. आम्ही चौघंही एका पडद्याकडे बघत होतो आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं होतं. शेवटचे टक्के सगळ्यात हळू गेले. ते नेहमीच तसे जातात, पण त्या दिवशी मला प्रत्येक वेळी वाटलं की संपलं सगळं. मग पडद्यावरची टक्क्यांची खिडकी बंद झाली आणि फाइल तयार असल्याची ओळ आली. मामा ती पेन ड्राइव्हवर घेऊन मशीनकडे गेले.

"मग मी काय घेऊन जाऊ?" पुण्याच्या माणसानं विचारलं. बांधलेली गुंडाळी त्याच्या समोरच होती.

दादा माझ्याकडे वळले. "काय द्यायचं गं ह्याला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते परवानगी मागत होते, की परीक्षा घेत होते, की त्यांनाच सुचत नव्हतं म्हणून माझ्यावर ढकलत होते? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मोठा पंप दोन भागांत होता. एक झाला होता, दुसरा व्हायचा होता. दुसऱ्याला हा पंखा पुरेल का, मला माहीत नव्हतं. बोर्ड बदलावा लागेल का, तेही नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. "म्हणजे, इथंच होईल."

"बघ बाबा," दादा त्याला म्हणाले, "न्हाई म्हणतीया. माझं काय चालतंय हितं?"

तो हसला, थोडं अवघडून, आणि आणखी एक चहा घेऊन गेला. बाहेर मशीन सुरू झालं. पांढरं पाणी काचेवर उडायला लागलं. दादा दारातून वळून म्हणाले, "दुसरा भाग कवा देतीस?"

"उद्या," मी म्हटलं, आणि गुंडाळीची गाठ सोडायला घेतली. मी फार घट्ट बांधली होती. नखानं सुटेना, शेवटी दात लावावे लागले.